नर्सिंग होमचा संपत्ती कर: आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

मार्च लागला की संपत्ती कराची विवरणी भरून देणाऱ्या आमच्यासारख्यांकडे डॉक्टर मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो. "इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलला संपत्ती कर नाही, मग आम्हालाच का? आम्हीही रुग्णच बघतो ना!" एम. वाय.ची इमारत राज्य सरकारची आहे. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ च्या कलम १३६ नुसार सरकारी मालकीच्या इमारतींना सूट आहे. ती मालकीमुळे मिळते, उपचारांमुळे नाही. ट्रस्टवाल्यांनीही ८०जीच्या (देणगीदारांना करसवलत देणाऱ्या) प्रमाणपत्रावर विसंबू नये, ते प्राप्तिकरापुरतं असतं.

आता कळीची गोष्ट. "मागच्या वर्षीचेच आकडे टाका आणि मोकळे व्हा," असं कृपया सांगू नका. क्षेत्रफळ, झोन, बांधकाम, वापर हे सगळं स्वयं-निर्धारणात, म्हणजे आपला कर आपणच काढून भरायच्या विवरणीत, आपणच लिहून देतो आणि खाली सही तुमची असते. रामबागेकडच्या जुन्या घरांत खाली ओपीडी, वर वॉर्ड आणि तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांचं बिऱ्हाड असतं. निगमाच्या (महापालिकेच्या) खात्यात मात्र सगळं घर निवासी! स्वतः राहणाऱ्या मालकाला निम्म्या कराची सवलत आहे खरी, पण ती बिऱ्हाडापुरतीच. जिन्याखालची जागा मेडिकल स्टोअरला भाड्यानं दिली, पार्किंगमध्ये पॅथॉलॉजी आली, गच्चीवर पत्रे टाकून कँटीन निघालं, तर तो भाग वेगळा मोजून व्यावसायिक दाखवावाच लागतो. निगमाच्या मोजणीत १० टक्क्यांपर्यंत फरक निघाला तर चालतो. त्यापुढे गेला की फरकाच्या पाचपट दंड.

"लोक अदालतीत बघून घेऊ," म्हणून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तिथली सवलत सरचार्जवर (थकबाकीवरच्या अधिभारावर) असते, मूळ करावर नाही.

म्हणूनच टेप लावल्याशिवाय आम्ही विवरणी भरत नाही. काहींना मोजणीची वेगळी फी खटकते. पण नोटीस आली की झोन कार्यालयात खेटे घालावे लागतात, तुमची ओपीडी बुडते आणि आमची बाकीची कामं अडतात. शिवाय मोजणीत कधी उलटंही निघतं: बिऱ्हाडाचा करही व्यावसायिक दरानं जात असतो. तो दुरुस्त करून घेतला की पुढच्या प्रत्येक वर्षी पैसे वाचतात.

येताना मागची रसीद, रजिस्ट्री, मंजूर नकाशा आणि असतील तेवढे भाडेकरार आणावेत. मोजणीसाठी शक्यतो फेब्रुवारीतच बोलवा. आमचा माणूस ओपीडी सुटल्यावर, दुपारी येईल. रुग्णांना त्रास होणार नाही.