औषधखर्चासाठी मदत (कोल्हापूर)

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली औषधे मोफत किंवा कमी दरात मिळवण्याचे सरकारी, धर्मादाय आणि विम्याचे मार्ग. कोल्हापुरात असे मार्ग बरेच आहेत, पण एकच योजना सगळ्याला पुरत नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांसाठी एक मार्ग, ॲडमिट झाल्यावर दुसरा. गल्लत होते ती इथेच. ॲडमिट झाल्यावरच्या पाच लाखांच्या योजनेचे (महात्मा फुले जनआरोग्य) कार्ड घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभे राहिले, तर गोळीची एक स्ट्रिपही मिळत नाही.

रोजच्या गोळ्या

घरखर्चाला खरी कात्री याच लावतात. केंद्र सरकारच्या जनऔषधी केंद्रांत (योजना 2008 पासून) हीच औषधे नामांकित ब्रँडपेक्षा साधारण 50 ते 90 टक्के स्वस्त मिळतात. जवळचे केंद्र आणि औषधाचा दर 'जनऔषधी सुगम' ॲपवर पाहता येतो. अडते ते चिठ्ठीपाशी. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल, तर शेड्यूल एचमधील (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या) औषधाच्या जागी दुसरा ब्रँड देण्याची विक्रेत्याला कायद्याने मुभा नाही. म्हणून तपासणी चालू असतानाच 'जेनेरिक नावाने लिहून द्या' (म्हणजे ब्रँडऐवजी औषधी घटकाच्या नावाने) असे सांगावे. चिठ्ठी हातात पडल्यावर परत आत जाणे अवघड होते.

गोळी घेताना घटक, ताकद आणि प्रकार हे तिन्ही जुळले पाहिजेत. मेटफॉर्मिन 500 साधी आणि मेटफॉर्मिन 500 एसआर या एकच गोळी नव्हेत. एसआर पोटात हळूहळू विरघळते, ती फोडून किंवा कुटून घ्यायची नसते. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडगोळीत तर ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम की 2, हे पाहिलेच पाहिजे. नाव सारखे दिसते म्हणून दुप्पट ताकद घेतली, तर शुगर एकदम खाली येते. थायरॉइड आणि फिट्सच्या औषधांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. सुट्या गोळ्या कापून घेताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे राहील असे बघावे.

अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते आणि ती 'फार्मा सही दाम' ॲपवर दिसते.

मोफत मिळणारी औषधे

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे, कसबा बावड्याचे सेवा रुग्णालय आणि गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय त्यात येतात. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने या निर्णयात बसत नाही. टीबीची औषधे सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतात, शिवाय निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात. एचआयव्हीची एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी) औषधेही मोफत आहेत.

ॲडमिट झाल्यावर

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता पांढऱ्या रेशनकार्डाची कुटुंबेही आली असून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत कॅशलेस उपचार होतात. ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजमध्येच औषधे धरलेली असतात. केमोथेरपी आणि डायलिसिस यात आहेत, डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची औषधेसुद्धा. तरीही 'हे बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळाली, तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठावे, नाहीतर 155388 ला फोन लावावा. आणावेच लागले तर रुग्णाच्या नावाचे पक्के बिल आणि ती चिठ्ठी जपून ठेवावी. कागदपत्रांत नेहमीचा घोळ नावाचा: सुनेचे नाव रेशनकार्डावर माहेरीच राहिलेले आणि आधारवर सासरचे. तो निस्तरण्यात दिवस जातात, म्हणून कार्ड आजारपणाआधीच दुरुस्त केलेले बरे. निपाणी-बेळगावकडच्या रुग्णांसाठी एक गोष्ट: महाराष्ट्राने सीमाभागातील 865 गावांनाही ही योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे.

धर्मादाय रुग्णालये

ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम 41 कक). वार्षिक उत्पन्नमर्यादा अनुक्रमे 1.80 लाख आणि 3.60 लाख रुपये. निर्धनाला औषधेही फुकट. दुर्बल घटकाला ती खरेदीच्या दराने लावतात आणि त्या बिलाचा किमान अर्धा भाग त्याने भरायचा असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखल होतानाच द्यावा. बिल निघाल्यावर दाखला पुढे केला, की घासाघीस सुरू होते.

मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कम रुग्णालयाच्या खात्यावर जमा होते, आधी खर्च केलेले पैसे त्यातून परत मिळत नाहीत. त्यामुळे खर्चाचा अंदाज आणि दाखला जोडून अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगाराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजना) औषधे मिळतात.