सीसीएनएची परीक्षा बुक करताय? आधी पासपोर्ट समोर ठेवा

सीसीएनएला, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेला, नापास होणाऱ्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही, ती मुलं पुन्हा बसतात. वाईट वाटतं ते परीक्षेला बसूच न शकलेल्यांचं. सहा महिने सबनेटिंग (नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित) घोकायचं, ऑफिसात खोटं सांगून रजा काढायची आणि केंद्राच्या काउंटरवरून ‘नाव जुळत नाही’ ऐकून परत यायचं. फी गेली ती गेलीच.

पात्रतेचं आधी उरकून टाकू. सिस्कोच्या या परीक्षेला (कोड २००-३०१) डिग्री लागत नाही, डिप्लोमा लागत नाही, आधीची कुठली परीक्षाही लागत नाही. वय १८ पूर्ण असेल तर काहीच अडचण नाही. १३ ते १७ वयाला पालकांची संमती लागते. ‘इंजिनिअरिंगवालेच बसू शकतात’ असं कुणी क्लासवाला सांगत असेल, तर तो स्वतःच्या प्रवेशाचे नियम सांगतोय.

आता नाव. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: पाटील संकेत रमेश. मुलं सवयीने तोच क्रम उचलतात, ‘फर्स्ट नेम’मध्ये पाटील टाकतात आणि वडिलांचं नाव कुठे घालायचं म्हणून सोडून देतात. नियम एवढाच आहे की अकाउंटवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं, स्पेलिंगसकट. सिस्कोच्या अकाउंटवर जे नाव टाकाल तेच परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूकडे जातं. नंतर ते आपलं आपल्याला बदलता येत नाही, सपोर्टकडे विनंती टाकून वाट बघावी लागते. म्हणून अकाउंट उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर अन् अक्षर बघून टाइप करा.

लग्न झालेल्या मुलींनी तर हे दोनदा वाचावं. माझ्या एका विद्यार्थिनीने कॉलेजात असताना माहेरच्या नावाने अकाउंट उघडलं होतं. लग्नानंतर सगळी ओळखपत्रं सासरच्या नावाची झाली, अकाउंट तसंच राहिलं. परीक्षेच्या दिवशी ती फाइल घेऊन गेली. त्यात लग्नाचा दाखला, त्याची नोटरी केलेली झेरॉक्स, आणि कुणीतरी सुचवलं म्हणून चक्क लग्नपत्रिका. काउंटरवरच्या मुलीने सगळं नीट वाचलं, पत्रिकेवरचं गणपतीचं चित्रही बघितलं आणि नाही म्हणाली. तिच्या स्क्रीनवर एक नाव होतं, कार्डावर दुसरं. तिच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या मात्र होतं. बुकिंगआधी मी एकदा विचारायला हवं होतं. तेव्हापासून विचारतो.

ओळखपत्र कोणतं, हा दुसरा घोळ. मूळ प्रत, मुदत न संपलेली, सरकारी, त्यावर फोटो आणि सही. आता आपलं आधार काढून बघा, त्यावर तुमची सही आहे का? नाही. तरी दहातले आठ जण आधारच घेऊन निघतात, आणि त्यातले काही तर मोबाइलवरचं. डिजीलॉकर ट्रॅफिक पोलिसापुढे चालतं, इथे नाही. झेरॉक्सही नाही, मग ती कुणीही अटेस्ट केलेली असो. पासपोर्ट असेल तर डोळे मिटून तोच न्या. नसेल तर मुदतीतलं ड्रायव्हिंग लायसन्स. शिवाय सही असलेलं दुसरं एखादं कार्ड, पॅन म्हणा, खिशात असू द्या. बुकिंगनंतर येणाऱ्या मेलमध्ये तुमच्या केंद्राला काय लागतं ते लिहिलेलं असतं. तो मेल कुणीही शेवटपर्यंत वाचत नाही. पासपोर्टच नसेल तर क्लास लावला त्याच आठवड्यात अर्ज टाका. साधी फी १५०० रुपये आहे, परीक्षेच्या फीपुढे ती काहीच नाही.

परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर ते बंदच येतात, आणि मुलं मात्र ‘साइट खराब आहे’ म्हणून रात्रभर बटण दाबत बसतात.

व्हाउचर (फीऐवजी टाकायचा कोड) मिळालं असेल तर त्याची तारीख नीट समजून घ्या. त्या तारखेच्या आत बुकिंग करायचं नसतं, परीक्षा देऊन व्हायची असते. मुदत ३१ मार्चची असेल आणि तुम्ही ३० मार्चला बसून ५ एप्रिलची जागा शोधत असाल, तर व्हाउचर मेलं. मुदत वाढवून मिळेल या आशेवर राहू नका. तारीख बदलायची किंवा रद्द करायची असेल तर निदान २४ तास आधी. सकाळी ताप आला हे कारण पोटदुखीइतकंच चालतं, म्हणजे चालत नाही.

अकाउंट स्वतःच्या ईमेलवरच उघडा. क्लासवाले ‘आम्ही करून देतो’ म्हणत त्यांच्याच ईमेलवर उघडतात. पुढे सर्टिफिकेट त्या इनबॉक्समध्ये येतं आणि तोवर क्लासने गाशा गुंडाळलेला असतो. ‘पास गॅरंटी’वाल्यांना तर दारातही उभं करू नका.

परीक्षा घरून ऑनलाइन देणार असाल तर टेबल मोकळं, खोलीत एकटे, हेडफोन नाही, प्रश्न पुटपुटायचा नाही. कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, त्यातला फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतो. आणि आमच्या भागात दर गुरुवारी वीज जाते, तशी तुमच्याकडे जात असेल तर केंद्रच बरं.

नोट्सबद्दल एकच. झेरॉक्सच्या दुकानात अजून २००-१२५ च्या, म्हणजे जुन्या सीसीएनएच्या, नोट्स विकल्या जातात. ती परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. पानापानावर ईआयजीआरपीचं (राउटिंगची, म्हणजे डेटाची वाट ठरवण्याची, एक पद्धत) कॉन्फिगरेशन दिसलं की ती चोपडी रद्दीत टाका. आता राउटिंगमध्ये सिंगल एरिया ओएसपीएफ ही दुसरी पद्धत पक्की करा. राउटिंग ज्यात येतं त्या आयपी कनेक्टिव्हिटी या भागाला सगळ्यात जास्त, म्हणजे २५ टक्के भार आहे. वेळ १२० मिनिटं, आणि सोडून दिलेल्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. बोर्डाच्या पेपरची ‘आधी सोपं सोडवू’ ही सवय इथे अंगाशी येते.

नापास झालात तर पाच दिवस थांबायचं, आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून. सोमवारी नापास झालेला शनिवारी नाही, रविवारपासून बसू शकतो, आणि फी पुन्हा पूर्ण. पास झालात तर सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. त्याआधी पुन्हा परीक्षा द्या किंवा सिस्कोला मान्य असलेले कोर्स वगैरे करून ३० क्रेडिट जमवा. ती तारीख उलटली की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून निकाल लागेल त्याच संध्याकाळी ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, सहा महिने आधीच्या आठवणीसकट.