बळी दिल्याचा सरकारी दाखला

सुरुवातीचे ख्रिस्ती म्हटले की आखाड्यातले सिंह आणि भुयारांत लपून प्रार्थना करणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. रोमची ती भुयारे मुळात दफनभूमी होती. छळही सलग तीनशे वर्षे चालला नव्हता. इ.स. 64 च्या आगीनंतर नीरोने ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारले. पण 112 च्या सुमारास ट्रेजन बादशहाने प्लिनी या सुभेदाराला कळवले, की यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. बराच काळ सारे स्थानिक जमावाच्या आणि सुभेदाराच्या मर्जीवर चालले.

249 साली गादीवर आलेल्या डेसियसने हे चित्र बदलले. साम्राज्यातल्या लोकांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा, असा त्याचा हुकूम होता. हुकुमाचा मजकूर हरवला, दाखले मात्र उरले. इजिप्तमध्ये पपायरसवर, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावर, लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत.

त्यांतला एक 26 जून 250 चा. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय 72, ओळखीची खूण: उजव्या भुवईवर व्रण. तो लिहितो, की मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर बळी दिला, पेय अर्पण केले, प्रसादाचे मांस खाल्ले. तसे प्रमाणित करावे. यातला ‘नेहमीच’ हा शब्द मला सर्वांत कठोर वाटतो. ख्रिस्ती माणसाने अशा अर्जावर सही करणे म्हणजे आजवरचे सारे आयुष्य नाकारणे होते.

थिआडेल्फिया गावच्या दाखल्यांवर सेरेनस आणि हर्मास या साक्षीदारांची नावे पुन्हा पुन्हा येतात. अर्ज लेखनिकाच्या अक्षरात आणि साक्ष दुसऱ्या अक्षरात असते. अर्जदारांत इतके ‘ऑरेलियस’ दिसतात, कारण 212 साली कॅराकॅला बादशहाने जवळपास सर्व स्वतंत्र प्रजेला रोमन नागरिकत्व दिले आणि लोकांनी त्याचे घराण्याचे नाव लावले. एक दाखला तर ऑरेलिया अमोनूस हिचा आहे, आणि ती मगररूपी देव पेटेसूखोस याची पुजारीण! म्हणजे दाखला फक्त संशयित ख्रिस्ती लोकांकडून मागितला जात नव्हता. आधी सगळ्यांची निष्ठा तपासायची आणि त्यात ख्रिस्ती आपोआप उघडे पडायचे, अशी ती रचना होती.

हे कागद टिकले ते कोरड्या हवेमुळे. बुरशी आणि जिवाणूंना ओल लागते, ती वाळवंटाच्या काठावर नव्हती. शाई काजळी आणि डिंकाची. काजळीतला कार्बन सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही, म्हणून ती फिकी पडत नाही. शिवाय कार्बन अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) प्रकाश शोषतो, त्यामुळे डागाळलेल्या तंतूंवरही त्या प्रकाशात अक्षरे काळी उठून दिसतात. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: कार्बन-14 चाचणी वनस्पतीचे वय सांगते, लिखाणाचे नाही. 2012 साली गाजलेला, येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द असलेला तुकडा खरोखर जुन्या पपायरसवर होता, मजकूर मात्र बनावट असल्याचे पुढे उघड झाले. ‘प्रयोगशाळेने सिद्ध केले’ या मथळ्याखाली नेमके काय मोजले गेले, ते आधी विचारले पाहिजे.

रोमचा बिशप फेबियन जानेवारी 250 मध्येच मारला गेला. पुष्कळ ख्रिस्ती मात्र वाकले. कार्थेजचा बिशप सिप्रियन खंतावून सांगतो, की लोक आपणहून बळी द्यायला धावले आणि संध्याकाळ झाली म्हणून काहींना उद्या या, असे सांगावे लागले. काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला.

1 ते 2 वर्षांतच ही मोहीम ओसरली आणि 251 मध्ये डेसियस गॉथ टोळ्यांशी लढताना मारला गेला. मग चर्चपुढे प्रश्न आला, वाकलेल्यांचे काय करायचे? रोममध्ये नोव्हेशियनने त्यांना दार कायमचे बंद केले आणि वेगळा गट काढला. सिप्रियनच्या बाजूने दाखला विकत घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर परत घेतले, आणि पुढच्या छळाची चाहूल लागल्यावर बळी देऊन पश्चात्ताप करणाऱ्यांनाही. त्याच सुमारास रोमचे चर्च दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होते. ज्याला परत यायचे होते, त्याला परतायला अशी जागा शिल्लक होती, आणि माझ्या मते ख्रिस्ती धर्म डेसियसला पुरून उरला तो मुख्यतः यामुळे.