‘संपर्क तुटला’ असे सांगणाऱ्या कोडची पार्श्वभूमी

वाहनाला स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) जोडल्यावर पडद्यावर ‘यू’ या अक्षराने सुरू होणारा फॉल्ट कोड दिसला, की वाहनातील मॉड्यूलांचा, म्हणजे वेगवेगळी कामे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांचा, परस्परसंपर्क बिघडला आहे असे समजले जाते. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू ०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या आणि यू ०१२१ म्हणजे एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलशी. हा कोड ज्या मॉड्यूलचे नाव घेतो, त्याने तो नोंदवलेला नसतो. त्याचा संदेश ठरलेल्या वेळेत आला नाही, अशी तक्रार त्याची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या मॉड्यूलने केलेली असते. हे लक्षात न घेतल्यामुळे कित्येक वेळा धडधाकट मॉड्यूल काढून नवे बसवले जाते आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. कोडची ही रचना कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

फोक्सवॅगनच्या मोटारीत १९६७ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन यंत्रणा आली. १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आले आणि १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या मोटारीत इंजेक्शन व इग्निशन एकाच यंत्रणेच्या ताब्यात गेले. या यंत्रणांचा एकमेकींशी फारसा संबंध नव्हता आणि जेथे तो होता तेथे प्रत्येक सिग्नलसाठी वेगळी वायर टाकली जात असे. वायर तुटली, तर तिच्यावर अवलंबून असलेले एक काम बंद पडे; वायरिंगचा नकाशा आणि टेस्ट लॅम्प घेऊन ती शोधता येई. पण मॉड्यूल वाढले तसा हार्नेस (वायरींचा जुडगा) जाड, जड आणि महाग होत गेला.

याच सुमारास प्रदूषण-नियंत्रणाच्या कायद्यांनी निदानाला वेगळी दिशा दिली. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून वाहनाने स्वतःच स्वतःची तपासणी करण्याची अट घातली आणि १९९६च्या मॉडेलांपासून ओबीडी-२ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) ही स्व-तपासणीची पद्धत, सोळा पिनांच्या ठरावीक सॉकेटसह, संपूर्ण अमेरिकेत सक्तीची झाली. सॉकेट एकसारखे झाले, तरी भाषा मात्र एक नव्हती. जनरल मोटर्स सेकंदाला १०.४ किलोबिट वेगाची आणि फोर्ड ४१.६ किलोबिट वेगाची पद्धत वापरत असे, तर अनेक युरोपीय व आशियाई कंपन्या के-लाइन नावाच्या वायरीवरून स्कॅनरशी बोलत. के-लाइनवर स्कॅनर विचारी आणि मॉड्यूल उत्तर देई. त्यामुळे उत्तर आले नाही, तर ती उणीव फक्त स्कॅनरला कळे.

आजच्या निदानाचा खरा पाया मात्र दुसरीकडे घातला गेला होता. बॉशने १९८३ मध्ये ज्यावर काम सुरू केले ती मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणारी कॅन (कंट्रोलर एरिया नेटवर्क) ही पद्धत फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या परिषदेत मांडली गेली. पुढल्या वर्षी इंटेलने तिच्यासाठी पहिली चिप आणली, १९९०च्या दशकाच्या आरंभी ती एस-क्लासमध्ये वापरात आली आणि १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ या मानकाचे रूप मिळाले. कॅनमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवर सगळी मॉड्यूल जोडलेली असतात; या सामायिक वायरींना ‘बस’ म्हणतात. संदेशावर पाठवणाऱ्याचा वा घेणाऱ्याचा पत्ता नसतो; तो संदेश कशाबद्दल आहे आणि किती तातडीचा आहे, हे सांगणारा एक क्रमांक तेवढा असतो. वाहनाच्या वेगाचा संदेश एकदा प्रसारित झाला, की ज्याला हवा तो घेतो. येथे कोणी कोणाला हाक मारून विचारत नसल्याने, एखादे मॉड्यूल गप्प झाल्याचे इतरांना केवळ वेळेच्या हिशोबावरून कळते. ‘संपर्क तुटला’ हा कोड या रचनेतूनच जन्मला.

त्या रचनेत आणखी एक विचारपूर्वक केलेली सोय आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुकांची मोजदाद ठेवते. संदेश पाठवताना चूक झाली, की त्या संख्येत साधारणतः ८ मिळवले जातात आणि संदेश नीट गेला, की १ वजा होतो. संख्या १२७च्या वर गेली, की मॉड्यूलला इतरांच्या संदेशात व्यत्यय आणता येत नाही. २५५ ओलांडली, की ते स्वतःला बसपासून पूर्ण अलग करते. म्हणजे लागोपाठ ३२ संदेश फसले, तरी मॉड्यूल बाहेर पडू शकते. एका बिघडलेल्या घटकाने सगळ्यांचे बोलणे बंद पाडू नये, हा यामागचा हेतू अत्यंत योग्य होता. परंतु त्यामुळे स्वतःहून बाहेर पडलेले मॉड्यूल, फ्यूज उडाल्याने वीजच न मिळणारे मॉड्यूल आणि कनेक्टरमध्ये गंज चढल्याने तुटलेले मॉड्यूल, ही तिन्ही इतरांना सारखीच भासतात. कोडमध्ये कारण नसते. म्हणूनच मॉड्यूलला दोष देण्याआधी त्याचा वीजपुरवठा आणि त्याची अर्थिंगची (ग्राउंडची) जोडणी तपासली पाहिजे.

वायरींची तपासणीही मूळ आराखड्यातूनच आली आहे. वेगवान कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) असतो. तो नसेल तर सिग्नल टोकावरून परावर्तित होतो. दोन्ही रोध समांतर असल्याने, बॅटरी काढून मल्टिमीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटलेले असते आणि शून्याजवळ आकडा आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात. बस शांत असताना दोन्ही वायरींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलणे चालू असताना एक ३.५ कडे चढते आणि दुसरी १.५ कडे उतरते.

अमेरिकेत २००८च्या मॉडेलांपासून निदानासाठी कॅन अनिवार्य झाले आणि सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांवर हे मोजमाप घेणे सर्वत्र रूढ झाले. त्यानंतर मात्र वाहनातील एका बसच्या अनेक बस झाल्या आणि त्यांच्यामध्ये एका बसवरचे संदेश दुसऱ्या बसवर पोचवणारे गेटवे मॉड्यूल आले. अशा वाहनात सॉकेटवर मिळालेले ६० ओहम अनेकदा केवळ गेटवेपर्यंतच्या तुकड्याचे असतात आणि पलीकडच्या बसविषयी काहीही सांगत नाहीत. त्यामुळे आधी स्कॅनरवर कोणती मॉड्यूल उत्तर देतात व कोणती देत नाहीत याची यादी घ्यावी, गप्प असलेली सगळी मॉड्यूल एकाच बसवर, एकाच फ्यूजवर किंवा अर्थिंगच्या एकाच बिंदूवर येतात का हे वायरिंगच्या नकाशात पाहावे आणि मीटर त्या बसच्या कनेक्टरवर लावावा.