शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाचा प्रमुख अधिकारी. परिषदेच्या शाळा, शिक्षकांच्या नेमणुका आणि पगार, पोषण आहार, वर्गखोल्यांची दुरुस्ती हे सगळे त्याच्या टेबलावर येते. वर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षण समिती. खाली तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, जवळपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक अशी उतरंड आहे.

पूर्वी मुंबई प्रांतात हा कारभार जिल्हा स्कूल बोर्डांकडे होता. 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. मार्च 2022 मध्ये बऱ्याच परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. त्या काळात शिक्षण समितीत गावच्या शाळेची तक्रार मांडणारा लोकप्रतिनिधीच उरला नव्हता. अधिकाऱ्यावरची जबाबदारी त्यामुळे वाढली.

या पदावरच्या माणसाने आधी काय हाती घ्यावे? दिवस तर बदल्या, समायोजन (अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणे), न्यायालयीन प्रकरणे आणि ‘माहिती तात्काळ सादर करा’ अशा पत्रांत संपतो. तरीही पहिले काम एकच : तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे. 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणि 2021 चे ‘निपुण भारत’ अभियान, दोन्हींचा गाभा हाच आहे. भेटीला गेल्यावर अभिलेखे पाहून शेरेबुकात सही करणे सोपे असते. तिसरीच्या वर्गात बसून मागच्या बाकावरच्या मुलीला न पाहिलेला उतारा वाचायला लावला, तर पाच मिनिटांत शाळा कळते. ती अक्षर अक्षर जुळवत थांबली, तर प्रश्न तिचा नसून तिला पहिलीत कोणी आणि किती दिवस शिकवले याचा असतो.

म्हणून दुसरे काम, वर्गावर शिक्षक टिकवणे. शिक्षण हक्क कायद्याने (2009) प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले. पण संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर करायची याचा, हिशेब इयत्तांवर नाही तर पटावर चालतो, त्यामुळे पंचवीस मुलांच्या द्विशिक्षकी शाळेत दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या असतात. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे अख्खी शाळा येते. कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. बाकीच्या कामांना जिल्ह्याच्या पातळीवर नाही म्हणणे शिक्षणाधिकाऱ्याच्याच हातात आहे, आणि ते त्याने म्हटलेच पाहिजे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्या संगणकीय झाल्या, वशिल्याला बराच आळा बसला. अवघड क्षेत्रातली, म्हणजे दुर्गम गावांतली, पदे मात्र आजही रिकामी राहतात.

प्राधान्यक्रम जिल्ह्यागणिक बदलतो. बीडमध्ये तो ऊसतोडीच्या हंगामावर ठरतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही फडावर जातात. ती गावातच, आजीआजोबांजवळ राहून शिकावीत यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. तिथे सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते. ही योजना पूर्णपणे वेळेवर अवलंबून आहे. उचल (तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेल्या कुटुंबांची यादी आणि वसतिगृहाची मंजुरी टोळी निघण्याआधी झाली नाही, तर मूल गेलेले असते आणि पाच-सहा महिन्यांनी परतते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. बीडच्या शिक्षणाधिकाऱ्याचे वर्ष खऱ्या अर्थाने ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवे.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न सगळीकडे आहे. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार 2023 मध्ये शासनाने पुढे आणला. मोठी शाळा, जास्त शिक्षक, सोबतीला मुले हे फायदे खरे आहेत. पण पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा नियम सहा वर्षांच्या पायांसाठी आहे. कोकणात किंवा सातपुड्यात दोन वाड्यांमधला ओढा जुलैत उतरता येतो का, हे कार्यालयातल्या नकाशावर दिसत नाही. अशा प्रस्तावावर सही करण्याआधी केंद्रप्रमुखाने ती वाट पावसात चालून दिलेला अहवाल आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, दोन्ही मागवून घ्यावेत.