जंतनाशक वनस्पती, कोल्हापूर परिसरातील

आतड्यातील जंत, आमांश घडवणारा अमीबा आणि जनावरांच्या अंगावरील गोचीड यांसारख्या परजीवींवर वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिम बाजू, म्हणजे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, सह्याद्रीच्या मुसळधार पावसात येते. शिरोळकडे पाऊस बराच कमी. त्यामुळे दाट रानातली वावडिंग आणि माळावरचा पळस एकाच जिल्ह्यात भेटतात.

यांत मान वावडिंगाचा. चरकसंहितेने कृमिघ्न द्रव्यांत विडंग श्रेष्ठ ठरवले आहे. एम्बेलिया रायबीस या वेलीची ही मिऱ्यासारखी फळे. बाजारात तिच्याच कुळातल्या इतर जातींची फळेही वावडिंग म्हणूनच विकली जातात. तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी किंवा दूध देण्याची पद्धत घरोघरी आहे. मात्र फळातील मुख्य क्रियाशील द्रव्य एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गाळलेल्या पाण्यात त्याचा अंश कितीसा उतरणार? त्या पाण्याने जंत पडतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. जुने वैद्य फळांचे चूर्ण देत आणि पाठोपाठ रेचक, कारण गुंगलेला जंत वेळीच बाहेर पडला नाही तर पुन्हा तरतरीत होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत एम्बेलिनने प्रजननक्षमता घटल्याचे दिसले असल्याने गरोदरपणी वावडिंग औषध म्हणून घेऊ नये.

चरकाच्या विमानस्थानात आणखी एक युक्ती आहे. औषधाआधी रुग्णाला दूध, गूळ, तीळ असे पदार्थ खाऊ घालावेत, म्हणजे कृमी कोठ्याकडे येतात. गुळाच्या या मुलखात उपचाराचा एवढा भाग तरी मुलांना आनंदाने पटत असावा.

पट्टकृमींवर, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांवर, शेंद्रीच्या फळांवरील लाल भुकटी आणि डाळिंबाच्या मुळाची साल, गोल जंतांवर पळसपापडी म्हणजे पळसाच्या बिया. डाळिंबाच्या सालीतले पेलेटिएरिन गुणकारी, पण जास्त झाले तर विषारी. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील कोनेसिन अमीबावर चालते. कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध त्याच सालीचे. घेताना काळ्या कुड्याची साल गळ्यात मारली जात नाही ना, हे पाहावे लागते.

वनस्पती परजीवी रोगाला हरवू शकते याचा सर्वांत भक्कम पुरावा मलेरियाने दिला: सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन वेगळे झाले आणि आर्टेमिसिया वनस्पतीतल्या आर्टेमिसिनिन या द्रव्याच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. दोन्ही ठिकाणी काढा नव्हे, तर त्यातून शुद्ध केलेले, मोजून देता येणारे द्रव्य कामी आले. आपल्याकडील बऱ्याच संशोधनाची गाडी या वळणाआधीच थांबते. अर्क काढायचा, तो गांडुळावर घालायचा आणि गांडूळ किती वेळात निपचित पडले ते नोंदवायचे, ही भारतीय प्रयोगशाळांतील नेहमीची रीत. गांडूळ परजीवी नाही. ते मातीत राहते, माणसाच्या आतड्यात नव्हे. तेव्हा अशा निष्कर्षाला प्राथमिक चाळणीपेक्षा अधिक वजन देऊ नये. शिवाय एकाच झाडातील द्रव्याचे प्रमाण जागा आणि हंगामानुसार बदलते. याउलट राष्ट्रीय जंतनाशक दिनी (१० फेब्रुवारी) शाळा-अंगणवाड्यांत दिल्या जाणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळीत ४०० मिलिग्रॅम औषध ठरलेले असते. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी गोळी.

जनावरांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. गायी-म्हशींच्या अंगावरील गोचिडांवर कडुनिंबाचे आणि करंजाचे तेल चोळतात. औषध कातडीवरच राहत असल्याने मात्रेचा प्रश्न पोटातल्या औषधाइतका नाजूक नसतो. पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांना गोगलगायींमार्फत होणाऱ्या यकृतातील पर्णकृमींसाठी मात्र झाडपाल्यावर विसंबता येत नाही. तिथे पशुवैद्याने शेण तपासून दिलेले औषधच पाजावे लागते.