मे महिन्यातला गरम चहा

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास म्हापशाच्या बाजारात जाऊन बघा. सदरा पाठीला चिकटलेला, हवा दमट आणि जड. तरी चहाच्या हॉटेलात बाकावर जागा मिळत नाही. समोर मिरचीभजी आणि वाफाळता चहा. बाहेरगावच्या पाहुण्यांना नवल वाटतं. एवढ्या उकाड्यात गरम चहा? सवय आहेच, पण शरीराचाही एक हिशेब त्यात आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो.

१५० मिलिलिटर चहा ६० अंश सेल्सिअसला पोटात गेला, तर ३७ अंशांपर्यंत निवताना तो शरीराला साधारण ३,४५० कॅलरी उष्णता देतो. (ही भौतिकशास्त्रातली छोटी कॅलरी, आहारवाल्यांच्या भाषेत साडेतीनसुद्धा नाही.) उलट अंगावरचा १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी ओढून नेतो. म्हणजे नेहमीपेक्षा ६ ग्रॅम, चमचाभराहून थोडा जास्त घाम वाळला की चहाची उष्णता फिटली. पुढचा घाम निव्वळ फायद्याचा! कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी पाजून पाहिलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ५० अंशांचं पाणी पिणाऱ्यांच्या शरीरात बर्फगार पाणी पिणाऱ्यांपेक्षा कमी उष्णता साठली, कारण त्यांना घाम जास्त आला.

गोम मात्र 'वाळला' या अटीत आहे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून पंख्याखालचं बाक आधी भरतं. मांडवीच्या काठावर खाऱ्या वाऱ्यात घेतलेला चहा सुखाचा लागतो तोही याचमुळे. बंद खोलीत तोच चहा नकोसा होतो.

तरतरी येते ती कॅफिनने. दिवसभर मेंदूत साचत जाणारं अ‍ॅडेनोसिन झोपेची जाणीव करून देतं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. दूध घातल्यावर चहाचा तुरटपणा कमी होतो, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन तुरट पॉलिफेनॉलना बांधून ठेवतं.

एक काळजी मात्र घ्यावीच. ६५ अंशांहून गरम पेयांचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केलं. गॅसवरून उतरलेला चहा त्याहून बराच गरम असतो. आपल्याकडची वडीलधारी माणसं चहा बशीत ओततात, ते अगदी योग्य आहे. पसरट बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो, बाष्पीभवन झपाट्याने होतं, आणि दोन फुंकरींनी वर तरंगणारी दमट हवा बाजूला सारली की चहा आणखी लवकर पिण्याजोगा होतो.